अर्धी लादी

ससून डॉकवरून उरलेली अर्धी लादी
हरेश्वरने हातगाडीवर आणली, गोणपाटात.
फोडली. निळ्या पिंपात ओतली.
बर्फाला बोंबलाचा वास.

मार्च. गच्चीवरचं डांबर मऊ पडलंय
आणि मी गळ्यापर्यंत हिवाळ्यात.

आई घड्याळ बघत नाही,
माझे ओठ बघते,
गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं तसे.
"ताजी हायस अजून," म्हणते,
आणि शिऱ्यात आणखी तूप सोडते.
चरबी लागेल तिकडे.

तिकडचा दर्या चौदा अंशांचा.
आपला तर दुपारच्या उशीसारखा कोमट,
त्याने मला कधी परकं मानलंच नाही.

अठरा मिनिटं.
बोटं कुणा दुसरीची झाली.
तिला मी
पहिल्यापासून पोहायला शिकवतेय.