मे महिन्यातलं गवत

पेन्विन सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी,
पुढचे दोन्ही पाय लांब ताणलेले,
जणू कुणी मागून शेपूट धरून ओढतंय.
मला बघते, कान हलवते, पण वळत नाही.
वळायचं तर खूर रोवावा लागतो.

खुरावर तळवा ठेवला.
उकळत्या किटलीइतका नव्हे,
पण किटली उतरवून थोडा वेळ झाल्यावरचं झाकण असतं
तितका गरम.
घोट्यामागे दोन बोटं दाबली तर नाडी
वसुलीला आलेल्या माणसासारखी
दार ठोठावत होती.

ट्रेगॅरनहून लोवरी आली,
बुटांना दुसऱ्याच कुणाच्या गोठ्यातलं शेण.
"सौम्य आहे," म्हणाली, "वेळेत बघितलंत."
मी वेळेत बघितलं नव्हतं.
मंगळवारीच ती दगडी वाटेवरून
काचा पसरल्यासारखी आली होती,
आणि मी म्हटलं, वय झालं.
मीसुद्धा जिना तसाच उतरते.

घोडं पेंड कुठे खातंय ते मग कळलं.
पेंड नव्हतीच. गवत होतं.
रात्री दव गोठायचं, सकाळी लख्ख ऊन,
आणि उतारावरच्या पात्यापात्यात
साखर साचून राहायची.
एम्रिसने पेरलेलं गवत ते, दुभत्या गाईंसाठी.
गाई विकल्या त्याला अकरा वर्षं झाली.
तो गेला त्याला चार.
गवताला कुणी सांगितलंच नाही.

घोडा का अडला? न फिरवल्यामुळे,
असं कोड्याचं उत्तर असतं.
इथे उलट. फिरवायचं नाही, म्हणाली लोवरी,
अंगणात एक फेरीसुद्धा नाही.
तबेल्यात वीतभर भुसा, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
औषधाची पूड मूठभर कोंड्यात.
वैरण काट्यावर तोलून, तासभर पाण्यात बुडवून;
पाणी चहासारखं तपकिरी होतं,
ते लांब नाल्यात ओतायचं.
ओली जाळी उचलताना माझी बाही काखेपर्यंत भिजते.
पहिले तीन दिवस पाय बर्फाच्या बादलीत.
शेजारच्या ग्विलिमने माशांच्या पेटीतून बर्फ आणला,
तबेल्याला अजून बांगड्याचा वास आहे.

पाचव्या दिवशी त्याचा नातू मॅक्सन
खिशातून सफरचंद काढून तिला देत होता.
मी इतक्या जोरात ओरडले
की छपरावरचे कावळे उडाले.
तो रडला नाही. सफरचंद परत खिशात घातलं,
एक चावा घेतलेलं, तिची लाळ लागलेलं,
आणि विचारलं, "मग ती खाते काय?"
तेव्हापासून वैरण तो तोलतो.
चिमूटभर जास्त झाली तर काढून ठेवतो,
सोनाराच्या तोंडाने.

इदवल नालबंद आला, नाल काढले,
टोकं मागे घासली, थोडी थोडी,
मध्ये थांबून तिला पाय खाली टेकू दिला.
खुराचा आतला भाग त्याने मला दाखवला:
पांढऱ्या रेषेत पुसट गुलाबी,
पुस्तकाच्या पानात दाबलेल्या फुलासारखं.
"हे वाढून खाली यायला वर्ष लागेल," म्हणाला.
चहा प्यायला. साखर दोन चमचे.
पेन्विनकडे पाठ करून ढवळली.

रात्री ती भुश्यात आडवी होते,
मी बादली उलटी घालून बसते.
काही बोलत नाही. बोलायचं काय?
भुकेने ती फळ्या कुरतडते, माझ्याकडे रागाने बघते,
आणि मला ते बरं वाटतं.
पहिल्या दोन रात्री
तिला राग धरायलाही त्राण नव्हतं.

ग्विलिमच्या मेंढ्या सोडल्यात उतारावर.
एम्रिसचं गवत त्या मुळापर्यंत कातरतायत.
मी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता,
मग उघडला. मेंढ्याच आहेत.

आज सव्विसावा दिवस.
सकाळी सहाला हात लावला:
खूर थंड. ओढ्यातल्या गोट्यासारखा थंड.
नाडी शोधावी लागली,
दोनदा वाटलं, सापडलीच नाही.
आयुष्यभर मी हात शेकायला
कुणाच्या ना कुणाच्या अंगाशी नेले,
आणि आता या गार शिंगाला
गाल टेकून ओणवी बसलेय,
गुडघा दुखतोय,

तोवर मागून ती वळली.
अख्खी, एका दमात, भुसा उडवत,
आणि माझ्या खिशात तोंड खुपसलं.
खिशात काही नव्हतं.
तिने तरी सगळा खिसा तपासला.