दोरीला बांधलेली पेन्सिल

सकाळी सातला ग्लेनिसनं मतपेटी उलटी करून दाखवली,
रिकामी आहे म्हणून.
साक्षीला पहिला मतदार आणि त्याचा कुत्रा.
मग सील. मी यादी उघडली,
पट्टी ठेवली पहिल्या नावाखाली.
एक हजार नऊशे चौदा नावं.
केटरिंगच्या मेथडिस्ट चर्चचं सभागृह,
एरवी गुरुवारी इथे पोरं ज्यूडो शिकतात,
चटयांचा वास अजून भिंतींना.

प्रत्येक आडोशात एक पेन्सिल, दोरीनं बांधलेली.
डेरेक पॅशली स्वतःचं पेन घेऊन आला.
"पेन्सिलीचं खोडता येतं," म्हणाला माझ्याकडे न बघता,
"रात्री कोण बसतं खोडायला कुणास ठाऊक."
चाळीस वर्षं त्यानं बुटांचे तळवे शिवले,
त्या कारखान्याचे आता फ्लॅट झालेत.
खोडणारी बहुधा मीच असणार, त्याच्या मनातली.
"पेन चालतं," मी म्हटलं.
अविश्वासालाही नियमात जागा आहे इथे.
"सगळे एकाच माळेचे मणी," पेटीत कागद सारत तो म्हणाला,
तरी सारला.
दुपारपर्यंत आणखी सहा जण आले, खिशाला पेन लावून.

मिसेस थॅक्रे वाचनालयाचं कार्ड घेऊन आल्या.
एकोणीस वर्षं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या
माझ्याच काउंटरवरून गेल्या.
ओळखते मी त्यांना. पण ओळखपत्र नव्हतं.
"घरून घेऊन येते," म्हणाल्या.
आल्या नाहीत.
त्यांच्या नावाखाली पट्टी जरा जास्तच वेळ राहिली.

चार वाजता एक मुलगी, जेमतेम अठराची.
"यातलं कुणीच नको असेल तर फुली कुठे मारू?"
आम्ही सांगायचं नसतं. सांगितलं नाही.
पडद्यामागून पेन्सिलीचा आवाज आला, लांब,
फुलीपेक्षा पुष्कळ लांब.

चहाच्या सुट्टीत बाहेर पडले.
दिव्यांच्या खांबांवर झेंडे, रातोरात लागलेले,
प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले.
झेंड्याचं मला वावडं नाही.
बावीस वर्षांपूर्वी त्याच्याच शेजारी उभं राहून शपथ घेतली,
अधिकाऱ्यानं कुमुदिनी हे नाव तीनदा चुकवलं,
मी तीनदा हो म्हटलं,
मग चहा, बिस्किटं आणि एक फोटो, ज्यात माझे डोळे मिटलेले.
शपथ मला अजून पाठ आहे.
जन्मानं ज्यांना हा देश मिळाला
त्यांना कुणी शपथ विचारलीच नाही.
म्हणून त्यांचं सैल पडलं,
की पाठ करावी लागली म्हणून मीच उपरी?
खांबाखालून जाताना मान वर केली
तर वाटतं, कुणी मोजतंय.
नाही केली, तरी मोजतंयच.

कराडला बोटाला शाई लागायची,
नख वाढून ती पुढे सरकत जायची, महिनाभर.
भाजी घेतानाही दिसायचं, हा देऊन आलाय.
इथे काही लागत नाही.
दाराबाहेर पडला की माणूस कोरा.

ग्लेनिसचे दोन भाऊ नाताळला एका टेबलावर बसत नाहीत.
कशावरून, तर देशावरून.
"दोघांचंही प्रेम आहे गं," ती म्हणते,
"तीच तर पंचाईत."
आणि सँडविचचा कागद चौकोनी घडी घालत राहते,
आणखी लहान, आणखी लहान.

रात्री पावणेदहा. आठशे तीन.
बाकीची हजारावर माणसं कुठे आहेत?
रागावलीत, दमलीत,
की या गल्लीत आज काही होतं हेच त्यांना ठाऊक नाही?
रागावलेली परवडली, असं वाटून गेलं.
डेरेक पॅशली निदान पेन शोधत होता घरभर.

नियम असा, की दहाच्या ठोक्याला
जो रांगेत उभा असेल त्याला मत देता येतं.
ग्लेनिसनं सील हातात घेतलं.
मी दारात जाऊन पाहिलं.
रस्ता. दिवे.
एका झेंड्याची खालची पट्टी तुटलेली,
तो स्वतःच्याच काठीला गुंडाळत होता.
"आहे का कुणी?" आतून आवाज.
कोपऱ्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली.
"थांब," मी म्हटलं, "अजून एक मिनिट आहे."