कच्ची वही

लष्करात गजकवाल्याच्या वर माझी खोली.
डिसेंबरात खालून तीळ कुटण्याचे ठोके येतात,
त्या ठोक्यांवर मी
मराठी वाचनालयाच्या एकाच वेबसाइटच्या
दोन प्रती सांभाळते.
एक जगाला दिसणारी,
एक कुलपातली.

कुलपाचा पासवर्ड दोघांनाच होता,
मला, आणि सेक्रेटरी खानवलकरांना.
त्यांनी तो पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिलेला.

स्टेजिंग हा शब्द त्यांना पचला नाही.
"म्हणजे नाटकाचं?"
मी रियाज आणि मैफल असं काहीतरी सांगायला गेले,
ग्वाल्हेरात तेच आधी सुचतं.
"छे! सराफ्यात चाळीस वर्षं मुनिमी केली मी.
कच्ची वही, पक्की वही. सरळ सांग न."

मग सरळच झालं.
नवी पानं, नवे टाइप कच्चीत करायचे,
तपासून पक्कीत चढवायचे.
सभासद, वर्गण्या, नोंदी मात्र पक्कीतच जमतात,
त्या अधूनमधून खाली उतरवून घ्यायच्या.
घडण वर जाते, मजकूर खाली येतो.
उलटं केलं की तीन महिन्यांच्या वर्गण्या पुसल्या जातात.
एकदा केलंय मी.
त्यांनी घरोघर फोन लावून नोंदी परत गोळा केल्या
आणि माझं नाव कुणाला सांगितलं नाही.

रोज दिवेलागणीला विचारायचे, "चढवलं का?"
"थांबा काका, मोबाइलवर मेनू तुटतोय."
"तुटू दे. कच्चीतच तुटतोय न?"

मार्चमध्ये ते गेले.
पक्कीत त्याच रात्री मी नावामागे कै. लावलं,
समितीने पाठवलेला हाराचा फोटो लावला,
फोन नंबर काढला.
कच्चीत उतरवायचं राहून गेलं.
राहून गेलं, असं मी म्हणते.

आज नवी मांडणी करायची,
म्हणून वरचं सगळं खाली आणायला बसले.
पडद्यावर नेहमीचा प्रश्न:
या प्रतीतलं सर्व पुसलं जाईल. पुढे जायचं?

मी मागे गेले.
'आमच्याविषयी'त ते अजून सेक्रेटरी,
लँडलाइनसकट.
आणि एक मसुदा, कधीच न चढवलेला,
फेब्रुवारीतल्या रात्री पावणेदोनचा:
"ज्योत्स्ना, इथे माझा फोटो टाकू नको.
मुलींच्या अभ्यासिकेचा टाक, दिवे लागलेले असताना. सोबत जोडलाय.
तुटलेलं तावदान दिसू दे.
वर्गणी येईल."

खाली तीळ कुटणं कधी थांबलं कळलं नाही.

पक्कीत थेट हात घालायचा नाही,
हा नियम माझाच, भिंतीवर चिकटवलेला.
घातला.
हार निघाला, अभ्यासिका आली,
पण आडवा फोटो उभ्या चौकटीत
दिवे कापले गेले, मुली कापल्या गेल्या,
मधोमध नुसतं तावदान.
नीट करायला सहा मिनिटं लागली.
त्या सहा मिनिटांत कुणीतरी पान उघडून बसलं होतं,
भिंडहून की मुरैन्याहून, कोण जाणे.
आकड्यात फक्त दिसतं: १.

मग मसुदा वेगळा जपून ठेवला
आणि 'पुढे' दाबलं.

सकाळी समितीचा फोन येईल, फोटो कुठे गेला?
सांगेन,
कच्चीत होतं, तसंच चढवलं.