येऊ द्या

गाडी आधी रक्तपेढीची होती.
लिलावात घेतली, मोर्शीला आणून पांढरी केली,
तरी ऊन पडलं की बाजूचा लाल थेंब
रंगाखालून दिसतोच.
यवतमाळच्या अलीकडे चहाला थांबलो तर
एक म्हातारबा बाही वर करूनच आले.
"घ्या ना बाई. मांगच्या खेपीले बिस्कुटं देल्ले होते."
मी बिस्किटं दिली.
त्यांनी ती खिशात टाकली
आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

कन्याकुमारीला जायचं ठरलंय.
नकाशावर ती एका वितेत येते.
तीन दिवस झाले, आम्ही अजून यवतमाळ जिल्ह्यातच.

पहिल्या रात्री गाडी उतारावर लावलीय
हे आडवं झाल्यावर कळलं.
रात्रभर मी ह्यांच्या अंगावर घरंगळत होते,
पस्तीस वर्षांत झालं नाही इतकं.
उजाडताच ह्यांनी वाटीभर पाणी ओट्यावर ठेवलं,
चाकाखाली एकेक वीट सरकवत गेले
आणि वाटीकडे बघत म्हणाले, "आता आली पातळीत."
वीज मंडळातला माणूस.
वाकडा खांब दिसला की अजून झोप उडते.

टाकीतलं पाणी माझ्या एका अंघोळीत संपलं.
केसाला साबण तसाच,
आणि हे बादली घेऊन धुऱ्याधुऱ्याने पळताहेत.
मोटर चालू असलेल्या शेतातली मथुराबाई
पाइप ओढत गाडीपर्यंत आली.
आत डोकावली. पलंग, शेगडी,
पडद्याआडचं भांडं.
"चूल अन् संडास एकाच खोलीत?"
मग शेगडीवर हात ठेवून, अगदी काळजीने,
"अन् भांडन झालं त जाता कोठी?"

हे आम्ही विचारात घेतलं नव्हतं.
पडदे कुठल्या रंगाचे, यावर मात्र महिनाभर बोललो होतो.

उत्तर त्याच दुपारी सापडलं.
एकजण पुढच्या सीटवर बसतो,
दुसरा मागे तुरीच्या शेंगा सोलतो,
आणि गाडी चालूच राहते.

पांढरकवड्याच्या पुढे, दिवेलागणीला,
रस्ता समजून पांदणीत शिरलो.
दोन्हीकडे फुटलेला कापूस, मध्ये दोन चाकोऱ्या,
वळायला जागा नाही.
मी टॉर्च घेऊन मागे उभी.
येऊ द्या. येऊ द्या. डावीकडे.
तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!
येऊ द्या...
आणि पायाखाली पाहिलं तर कॅनॉलची कड.
"अहो!" ओरडले.
बांधावरून जाणारा बैलगाडीवाला थांबला,
त्याचे बैलही थांबले.
गाडी येतच होती.
"अहो थांबा!"
इंजिनाची घरघर, त्यात ह्यांचा उजवा कान कमी.

लग्नात नाव घेतलं होतं,
सासूबाईंना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा एकदा.
त्यानंतर फॉर्मवर, रेशनकार्डावर, डबीच्या झाकणावर,
तेही लिहून.

"पद्माकर!"

ब्रेक लागला.
मागचे दिवे पेटले आणि
दोन ओळी कापूस लाल झाला.

हे खाली उतरले.
चाक कडेवर अर्धं टेकलेलं, त्याच्याकडे पाहिलंच नाही.
"कोण ओरडलं?"
"मी."
बैलगाडीवाला म्हणाला, "बाईनंच आवाज देल्ला जी,"
आणि दोर सोडायला लागला.

बैलांनी गाडी ओढून काढली.
पैसे घेतले नाहीत त्याने.
जाताना लाल थेंबाकडे बघून
बायकोच्या अंगात रक्त कमी आहे, काही खायला सांगा, म्हणाला.
मी गूळ-शेंगदाणे सांगितले, पालक सांगितला,
आणि तालुक्याच्या दवाखान्यात नक्की न्या म्हटलं.

रात्री पंपाच्या मागे थांबलो.
विटा नीट लागल्या होत्या, कोणी घरंगळलं नाही.
बऱ्याच वेळाने अंधारातून,
"परत एकदा."
"काय?"
"तेच."
"बघू. गाडी मागे घ्यायची असेल तेव्हा."

सकाळी समोर रुंद, मोकळा हायवे,
पाटणबोरी इतके किलोमीटर, हैदराबाद तितके.
ह्यांनी किल्ली फिरवली,
आरशात माझ्याकडे पाहिलं,
आणि काही गरज नसताना
गाडी थोडी मागे घेतली.