आधी मान

पहिलं बाळ मी रागानं शिवलं.
मंडईचे दिवस. सिंदेवाहीकडच्या एका गावी
तिसऱ्या अंकातलं मेलेलं लेकरू म्हणून
आम्ही नायिकेच्या हातात लोड दिला होता,
टॉवेलात गुंडाळून.
तिनं हंबरडा फोडला
आणि तणसावर बसलेलं अख्खं गाव हसलं.
"बाई, उशी पडन!" मागून कोणीतरी ओरडलं.

कंपनीचे मालक वारलूजी विंगेत आले, एवढंच बोलले,
"शिंपी हायस ना बे तू?"

शिंपीच होतो. राजाचा अंगरखा उसवून
फौजदाराचा कोट करायचो.
छाती, कंबर, बाही.
मानेचं माप म्हणजे कॉलर, बस्स.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडाच्या ओसरीवर
कापूस भरून पाहिला. फुंकलं तर उडेल असं झालं.
तणस भरलं. ते कुरकुरलं.
समोर घरमालकीण धान पाखडत होती,
दीड महिन्याची पोर खांद्यावर.
सूप एका हातात, कसंबसं.
दुसरा हात पोरीच्या मानेमागं,
तो कामाला जातच नव्हता.

मग मी धान मागितलं तिच्याकडून, दोन पायल्या.
अंगात भरलं, डोक्यात दोन मुठी जास्त.
मानेत काहीच नाही.
मान मुद्दाम सोडून दिली.

त्या रात्री नायिकेनं बाळ उचललं,
डोकं मागं लवंडलं,
आणि नाटकात नसलेला तिचा हात
आपोआप खाली गेला.
शेकोटीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला.
तेवढाच.

पहाटे रंग पुसत होतो तेव्हा एक बाई आली, अनवाणी.
"थे लेकरू जराशीक देता का जी?"
दिलं.
तिनं फडकं कानावर ओढलं, थंडी होती म्हणून.
उभी राहिली.
मग परत दिलं, आधी डोकं,
जसं देतात तसं.
तिचं नाव विचारायचं राहिलं.

एकवीस वर्षं झाली. आता बाहुल्याच करतो.
बाजारातला मापारी, एका खांद्यानं खाली गेलेला.
तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी, रिकाम्या हातांनीही गाठ मारत बसलेली.
आणि वारलूजी, शेवटच्या सीझनचे,
संवाद विसरलेल्या पोराकडे बघत
स्वतःचेच ओठ हलवणारे.
ते ओठ चार वेळा उसवले.
डोळे कधीमधी करतो. वेळ उरला तर.

नागपूरच्या प्रदर्शनात एकांनी विचारलं,
"हसरी नाही का एखादी?"
म्हटलं, हातात घेऊन बघा.
त्यांनी टेबलावरूनच पाहिली.

पहिलं बाळ मात्र राहिलं नाही.
पावसाळ्यात पेटीत उंदीर शिरले, धान खाऊन गेले.
उघडलं तेव्हा नुसतं फडकं आणि टरफलं.
तरी उचलताना माझा हात
मान शोधत गेला.

तेव्हापासून धानात कडुनिंबाचा पाला घालतो.