दीड ते साडेतीन

यंत्र तीन पायांचं, नारळाएवढं.
बुडबुडा मधोमध येईस्तोवर मी त्याचे पाय पिळते,
बाण उत्तरेला, सातपुड्याकडे,
आणि मग चाळीस मिनिटं कुणी चालायचं नाही.

सावखेड्याच्या शाळेमागे, तापीच्या दोन शेतं अलीकडे
नव्या खोल्यांची जागा चुन्याने आखलीय.
एक शेळी फक्की ओलांडून येते.
मी वहीत लिहिते : नऊ चाळीस, शेळी.

कुणी चाललं नाही तरी जमीन हलतेच.
चोपड्याच्या रस्त्याने केळीचे ट्रक जातात,
वारा लिंबाला हलवतो, लिंब आपल्या मुळांना.
एवढ्याशा कुजबुजीवरून मला सांगायचंय
की खालून खरा हिसका आला
तर ही माती तो किती पटीने वाढवून
भिंतींच्या हातात देईल.

हिलाल तात्यांनी आयुष्यभर बोअर मारले.
खाली काय आहे विचारलं तर बोटांवर मोजतात :
वीस फूट काळी, मग पिवळी, चिकट,
मग रेती, साखरेसारखी, मग गोटे,
एकशेदहाला काळा पाषाण.
आणि पलीकडे, निंबाच्या शेतात?
"तठे पस्तीस फूटलेच पाषान लागना."
मधे चाळीस पावलं. मी मोजली, दोनदा.
तेवढ्यात कुठेतरी नदीची जुनी वाट पुरलेली आहे.

दोघे सख्खे भाऊ.
पोरं लहान असताना एका रात्री धरणी हलली,
हिलालच्या घरातली उतरंड कोसळली,
कळण्याचं पीठ उंबऱ्यापर्यंत सांडलं.
निंबाने कूससुद्धा बदलली नाही.
तेव्हापासून हा त्याला कुंभकर्ण म्हणतो
आणि तो ह्याला थापाड्या.
दोघंही खरं बोलत असतील, असं मी म्हटलं,
ते दोघांनाही आवडलं नाही.

दुपारी चोवीस कान रांगेत पुरले.
सातवीतला गुमान पावरा आठ किलोचा घण
लोखंडी पाटीवर आपटतो; सगळी शाळा श्वास धरून.
लाट कितव्या क्षणी कुठल्या कानाला पोचली,
त्यावरून मातीचा कस.
त्याच आकड्यांतून संगणक चार जमिनी काढतो,
चारही वेगळ्या, चारही तितक्याच बरोबर.
यांतली एक तरी ह्या शाळेखाली आहे का,
त्याला विचारायची सोय नाही.

आणि हा वैशाख. भेगेत गुमानचा हात
कोपरापर्यंत जातो. श्रावणात हीच माती लोणी.
भूकंप कुठल्या महिन्यात, हा रकाना फॉर्मवर नाही.

रात्री बाराला शेतीची वीज येते.
आलेखावर एक सुळका उभा राहतो.
जमिनीचा, की निंबाच्या मोटरीचा?
फोन करते : दहा मिनिटं बंद ठेवाल का?
"लाइट चारच तास शे, ताई. केळी जळी जाई."
बरोबर आहे त्याचं.
मी सुळक्यापुढे प्रश्नचिन्ह काढते,
मग ते खोडते, मग पुन्हा काढते.

सकाळी बेंडाळे बाई :
"एक आकडा सांगा हो, ठेकेदार थांबलाय."
दीड ते साडेतीन पट.
"म्हणजे अडीच?"
म्हणजे दीड ते साडेतीन.
"मुलांनी असं उत्तर लिहिलं तर मी भोपळा देते."
मग बाई गप्प. मस्टरच्या मागच्या पानावर
कसलीतरी बेरीज. मान वर न करता :
"साडेतीन धरून बांधलं, तर लोखंड किती वाढेल?"

ह्याचं उत्तर मला येत होतं.

फॉर्मवरचा चौकोन एका आकड्यापुरता.
माझी अक्षरं रेघेबाहेर गेली.
यंत्र पेटीत ठेवताना हिलाल तात्या कुंपणाशी :
"जमीन काय बोलनी?"
म्हटलं, तुमची उतरंडही बरोबर, निंबांची झोपही.
ते बराच वेळ चुन्याच्या रेघेकडे बघत राहिले,
शेळीने ती दोन जागी पुसली होती.
"बाकी ऱ्हाऊ दे," म्हणाले,
"निंबानं नाव तेवढं काढी टाक."