दोन पावलं मागं

कोडंबाक्कमच्या त्या स्टुडिओत माइक एकच होता
आणि जमिनीवर खडूच्या रेघा.
पहिल्या रेघेवर नायिकेचा आवाज,
मग बासरी, मग आम्ही सहाजणी,
आमच्याही मागं, दोन पावलं, मी.
"पूंगोदै, तुझा आवाज जाड. टेपला सोसत नाही,"
अय्या म्हणायचे. रागानं नव्हे,
सांबारात मीठ जास्त झालं म्हणावं, तसं.

तंबूतल्या टॉकीजचे कर्णे पत्र्याचे.
त्यांतून बाईचा गळा शेवटच्या चटईपर्यंत पोचायचा
तो सुईसारखा असला तरच.
म्हणून नायिका चार लेकरांची झाली
तरी गाताना सोळाचीच.
माझ्या गळ्यात इडलीच्या पिठाचा रगडा फिरायचा.
त्यांनी मला म्हाताऱ्या दिल्या, सुईणी, एक हडळ,
एकदा पूर आलेली नदी.
रेकॉर्डच्या पाकिटावर माझं नाव: आणि इतर.

मग ट्रॅक आले.
बाई हैदराबादहून येईस्तोवर
त्यांचं गाणं मी गाऊन ठेवायचं,
बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसं.
त्या आल्या की मला पुसायचे.
एका गाण्यात नीट पुसलं गेलं नाही.
दुसऱ्या कडव्याआधी एक श्वास राहिला. माझा.
चाळीस वर्षं लग्नाच्या मांडवांतून ऐकत आले.
नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला,
श्वास काय, कुणाचाही सारखाच.
कॅसेटवर होता तो. सीडीवरही होता.
फोनवरच्या धुऊन काढलेल्या प्रतीत नाही.
तिथं शांतताही नाही,
नुसती जागा.

काल वडपळनीला बोलावलं होतं, काचेच्या खोलीत.
इनियन म्हणून मुलगा, नातवाच्या वयाचा.
कंपनीला आता जाड आवाज हवेत म्हणे, जुने, खरखरीत.
तासभर नुसती अक्षरं म्हटली,
जीभ मागं वळवून आमचा तो ऴ, तेवढा सात वेळा.
पुढं यंत्र माझ्या गळ्यानं काहीही गाईल.
"आणि उभं कोण राहील?" मी विचारलं.
त्याला प्रश्न कळला नाही.
पाच हजार रुपये, एक सही, कॉफी.

"आता फक्त श्वास घ्या, पाट्टी. तोही लागतो."
घेतला. पोटातून, अय्यांनी शिकवला तसा.
तो पडद्याकडे बघत राहिला.
"काहीच आलं नाही.
पाट्टी, माइक इथं आहे,
तुम्ही तिकडं भिंतीपाशी काय करताय?"